रक्तपट्टिका कशाने जाग्या होतात?

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय सगळ्या मराठवाड्यात ‘घाटी’ या नावानेच ओळखले जाते. शहराचे नाव औरंगाबाद होते त्या काळात, १९५६ साली, हे महाविद्यालय सुरू झाले. येथील किंवा आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या रक्तपेढीत शिक्षकांनी आधी परवानगी काढून तुम्हाला नेले, तर एक गोष्ट मुद्दाम पाहा. तांबड्या पेशींच्या पिशव्या शीतकपाटात ओळीने मांडलेल्या असतात. तेथील तापमान २ ते ६ अंश सेल्सिअस असते, आणि त्या पाच-सहा आठवडे टिकतात. पण त्याच रक्तातून वेगळ्या काढलेल्या पिवळसर द्रवाच्या काही लहान पिशव्या शीतकपाटात नसतात. त्या असतात २० ते २४ अंशांच्या कपाटात, सारख्या मागेपुढे हलणाऱ्या फळ्यांवर. रात्रंदिवस त्यांचा झोका चाललेला असतो. एवढी बडदास्त ठेवूनही त्या साधारण पाचच दिवस वापरता येतात.

या पिशव्यांत रक्तपट्टिका असतात. डेंग्यूच्या दिवसांत घरोघरी ज्यांच्या आकड्यांची चर्चा चालते, त्या ‘प्लेटलेट’ म्हणजेच रक्तपट्टिका. दूध, भाजी, तांबड्या पेशी, सगळे थंडीत टिकते. मग रक्तपट्टिकांनाच थंडी का सोसत नाही? याचे उत्तर कॅल्शियमपाशी आहे. मात्र ते हाडांतल्या कॅल्शियमपाशी नाही, तर पेशीच्या आत मोजून मापून ठेवलेल्या अगदी थोड्या कॅल्शियमपाशी आहे. ते कसे, हे क्रमाने पाहू.

तुकडे, पण कामाचे

रक्तपट्टिका ही पूर्ण पेशी नव्हेच. अस्थिमज्जेत काही अवाढव्य पेशी असतात. त्यांच्या अंगाचे धागे रक्तवाहिनीत लोंबतात आणि त्यांचे तुकडे तुटून प्रवाहाबरोबर निघून जातात. हे तुकडे म्हणजे रक्तपट्टिका. त्यांना केंद्रक नसते. व्यास २ ते ३ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या अंतरात तीन-चारशे सहज मावतील. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात त्या दीड लाख ते साडेचार लाख असतात. अडीच लाख धरून पाच लिटर रक्ताचा हिशेब करा. सव्वा लाख कोटी हे उत्तर येते. एकेक रक्तपट्टिका सात ते दहा दिवस जगते, तेव्हा शरीराला रोज सुमारे दहा हजार कोटी नव्या घडवाव्या लागतात.

इटलीतील जूलिओ बिझोझेरो या शास्त्रज्ञाने १८८२ साली जिवंत प्राण्याच्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली धरून यांचे काम पाहिले. वाहिनीला इजा झाली की तांबड्या किंवा पांढऱ्या पेशींच्या आधी हे चिमुकले तुकडे तेथे चिकटतात आणि एकमेकांना धरून बूच तयार करतात, हे त्याने ओळखले.

काम सोपे वाटते. पण त्यात मोठी अडचण आहे. भाजी चिरताना बोट कापले, तर रक्तपट्टिकांनी काही सेकंदांत जागे झाले पाहिजे. उशीर झाला तर रक्त वाहत राहील. उलट हृदयाच्या किंवा मेंदूच्या एखाद्या रोहिणीत त्या कारण नसताना जाग्या झाल्या, तर बूच तेथे बसते आणि पुढचा रक्तपुरवठा तुटतो. हृदयविकाराचा झटका बहुतेक वेळा असाच येतो. म्हणजे ज्या गुणामुळे आपण जगतो त्याच गुणामुळे आपण मरूही शकतो. सव्वा लाख कोटी पहारेकरी अष्टौप्रहर डोळ्यांत तेल घालून बसलेले, आणि एकानेही विनाकारण आरोळी ठोकायची नाही! हा बंदोबस्त शरीर कसा ठेवते?

फरशी कोरडी ठेवणारे घर

कॅल्शियमशिवाय सजीवांचे काही चालत नाही, याचा एक गमतीदार पुरावा १८८३ साली लंडनमध्ये मिळाला. सिडनी रिंगर हे डॉक्टर बेडकाचे हृदय क्षारांच्या द्रावणात ठेवून ते धडधडत कसे राहते, याचा अभ्यास करीत होते. ऊर्ध्वपातित पाण्यातील द्रावणात हृदय लवकर थांबे, पण नळाच्या पाण्यातील द्रावणात ते चालू राही. लंडनच्या नळाच्या पाण्यातील कॅल्शियम हा फरक घडवीत होते.

आपल्या रक्तद्रवातील मोकळ्या कॅल्शियम आयनांची संहती दर लिटरला सुमारे १.२ मिलिमोल असते. स्वस्थ रक्तपट्टिकेच्या आतील पेशीद्रवात ती असते सुमारे ०.१ मायक्रोमोल. एक मिलिमोल म्हणजे हजार मायक्रोमोल. म्हणजे पटलाच्या बाहेर दहा-बारा हजार, तर आत एक, असे हे प्रमाण झाले. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी येथे एक गणित करावे. रक्तपट्टिकेचे आकारमान ८ फेम्टोलिटर, म्हणजे लिटरचे १० चा उणे पंधरावा घात गुणिले ८ इतके धरा. रक्त तपासणीच्या कागदावर ‘एमपीव्ही’ नावाचा जो आकडा असतो, तो हाच. त्याला ०.१ मायक्रोमोल आणि ॲव्होगाड्रोचा अंक यांनी गुणा. उत्तर येईल सुमारे ४८०. आतल्या कण्यांची जागा वजा केली तर स्वस्थ रक्तपट्टिकेच्या पेशीद्रवात उरतात जेमतेम तीन-चारशे मोकळे कॅल्शियम आयन! हे प्रथम वाचणाऱ्याचा विश्वास बसत नाही. म्हणूनच गणित स्वतः करून पाहा, असे सांगितले.

आता एका घराची कल्पना करू. या शहराला पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येते. धरण खाली आणि शहर उंचावर, त्यामुळे ते पंपांनी चढवावे लागते. कित्येक वर्षे ते घरोघर रोज न येता काही दिवसांच्या अंतराने येत आले आहे. साहजिकच घराच्या गच्चीवर टाकी असते, टाकीला नळ असतो आणि खालचे पाणी वर चढवायला मोटार असते. रक्तपट्टिकेचे घर असेच आहे, फक्त त्याच्या रस्त्यावरच्या नळवाहिनीत पाण्याचा प्रचंड दाब कायमचा आहे. ती वाहिनी म्हणजे रक्तद्रव. घराच्या आत एक टाकी आहे. आतल्या पटलांच्या नलिकांचे जाळे म्हणजे ही टाकी, आणि तीत कॅल्शियम साठवलेले असते. या दोहोंच्या मधली फरशी म्हणजे पेशीद्रव. ही फरशी कोरडी राहिली पाहिजे. भिंतीतून आणि टाकीतून थोडेफार ठिबकणारच. म्हणून दोन प्रकारच्या मोटारी अखंड चालू असतात. एक फरशीवरचे कॅल्शियम उचलून टाकीत भरते, दुसरी ते भिंतीबाहेर फेकते. या मोटारी म्हणजे पटलात बसवलेली प्रथिने. त्यांना वीज लागत नाही. लागते एटीपी, म्हणजे पेशीचे इंधन.

आता थंडीचे कोडे सुटू लागते. तापमान उतरले की या मोटारी मंदावतात आणि पटलेही बदलतात. फरशीवर ओल येते, म्हणजेच पेशीद्रवातील कॅल्शियम वाढते. चपटी तबकडी असलेली रक्तपट्टिका गोल होते आणि तिला काटे फुटतात. इजा नसताना ती अर्धवट जागी होते. शिवाय थंडीने तिच्या पृष्ठभागावरील काही प्रथिने एकत्र गोळा होतात आणि अशी रक्तपट्टिका रुग्णाला दिली तर यकृत तिला ओळखून झटपट गिळून टाकते. १९६९ साली अमेरिकेत मर्फी आणि गार्डनर यांनी दाखवले की, शीतकपाटातल्या रक्तपट्टिकांपेक्षा खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या रक्तपट्टिका रुग्णाच्या शरीरात पुष्कळ जास्त दिवस राहतात. आजचे २० ते २४ अंश तेथून आले. झोका यासाठी की, या तापमानाला त्या श्वसन करीत असतात. पिशवी हलली नाही तर त्यांना ऑक्सिजन पुरेसा मिळत नाही आणि आम्ल साचते. पण उबेत जंतूही वाढतात, म्हणून पाच दिवसांची मर्यादा.

तोटी कोण फिरवतो?

फरशी कोरडी का ठेवायची, हे उघड आहे. कोरड्या फरशीवर वाटीभर पाणी सांडले तरी लगेच दिसते. आधीच ओल्या असलेल्या फरशीवर बादली ओतली तरी कळत नाही. रक्तपट्टिकेत कॅल्शियम दसपट वाढले की तो इशारा ठरतो. मग ही वाढ कोण घडवून आणतो?

वाहिनीची भिंत फाटली की आतल्या थरातील कोलॅजेन उघडे पडते. जखमेपाशी थ्रॉम्बिन नावाचे विकर तयार होते. फुटलेल्या पेशींतून एडीपी सांडते. यांपैकी एकही पदार्थ रक्तपट्टिकेत शिरत नाही. प्रत्येक जण बाहेरूनच, पटलात बसलेल्या आपापल्या ग्राही प्रथिनाला स्पर्श करतो. म्हणजे पाहुणा दाराशी, तोटी आत टाकीजवळ, आणि निरोप मात्र पोचतो. हा निरोप्या कोण, याचा शोध लागायला तीस वर्षे लागली. हा इतिहास वळणावळणाचा आहे.

१९५३ साली लोवेल आणि मेबल होकिन या दांपत्याने स्वादुपिंडाच्या पेशींना उत्तेजन दिले असता पेशीपटलातील काही फॉस्फरसयुक्त मेद झपाट्याने मोडतात आणि पुन्हा घडतात, असे पाहिले. याचा उपयोग काय, हे तेव्हा कोणाला सांगता येईना. पुढे १९७५ मध्ये इंग्लंडच्या रॉबर्ट मिचेल यांनी कल्पना मांडली की, हे मेद मोडणे आणि कॅल्शियम वाढणे यांचा संबंध असावा. त्याच सुमारास केंब्रिजमध्ये मायकेल बेरिज एका मोठ्या निळ्या माशीच्या लाळग्रंथीवर काम करीत होते. माशीची लाळ! ऐकून हसू येते. पण ही ग्रंथी साधी नळीसारखी असते आणि तिला उत्तेजन दिले की लाळ किती व केव्हा आली, हे सरळ मोजता येते. मेद मोडल्यावर त्यातून इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट नावाचा लहानसा, पाण्यात विरघळणारा रेणू सुटतो. तोच तर निरोप्या नसेल? १९८३ साली जर्मनीतील हान्सपीटर स्ट्रेब आणि इरेने शुल्झ, तसेच इंग्लंडचे रॉबिन अर्व्हिन आणि बेरिज यांनी मिळून स्वादुपिंडाच्या पेशींची बाहेरची पटले सच्छिद्र केली आणि आत हा रेणू सोडला. आतल्या टाकीतून कॅल्शियम बाहेर आले. निरोप्या सापडला. रक्तपट्टिकांतही थ्रॉम्बिन लागताच काही सेकंदांत हाच रेणू तयार होतो, हेही लवकरच दिसून आले.

त्याला आपण सोयीसाठी आयपी-३ म्हणू. घटनाक्रम असा: ग्राही प्रथिनाला थ्रॉम्बिन लागते, ते पटलाच्या आतल्या बाजूचे एक विकर जागे करते, हे विकर पटलातील मेदाचा एक रेणू मधोमध कापते. एक तुकडा, आयपी-३, पाण्यात उडी घेतो, पोहत टाकीकडे जातो आणि तेथील तोटीच्या प्रथिनात किल्लीसारखा बसतो. तोटी उघडते. दुसरा तुकडा मेदाचा असल्याने पटलातच राहतो आणि वेगळ्या विकराला कामाला लावतो; त्याचा उलगडा जपानमध्ये कोबे येथे यासुतोमी निशिझुका यांनी केला, आणि तोही बराचसा रक्तपट्टिकांवरच. आयपी-३ फार काळ जगत नाही. काही सेकंदांत त्याचे तुकडे होतात. निरोप पोचला की निरोप्या नाहीसा झालेला बरा, नाही तर तोटी उघडीच राहायची.

टाकीतला तरंगता गोळा

पण टाकी ती केवढी! तेवढ्या साठ्याने काम भागत नाही. १९८२ मध्ये केंब्रिजच्या टिमथी रिंक आणि रॉजर त्सिएन यांनी माणसाच्या रक्तपट्टिकांत एक रंगद्रव्य भरले. कॅल्शियमशी जोडले गेले की ते अधिक प्रकाशमान होते. अशा रीतीने जिवंत रक्तपट्टिकेतील कॅल्शियम प्रथमच मोजता आले. वर दिलेला ०.१ मायक्रोमोलचा आकडा अशाच मोजणीतून आला. थ्रॉम्बिन घालताच प्रकाश वाढला. मग त्यांनी बाहेरचे कॅल्शियम काढून घेऊन तोच प्रयोग केला, तेव्हा वाढ झाली, पण पुष्कळच कमी. याचा अर्थ, थोडे कॅल्शियम आतून येते आणि बरेचसे बाहेरून. हेच त्सिएन पुढे चकाकणाऱ्या हिरव्या प्रथिनावरील कामासाठी २००८ च्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी झाले.

बाहेरचे दार उघडायला कोण सांगते? तुमच्या गच्चीवरच्या टाकीत डोकावून पाहा. पाण्यावर एक पोकळ गोळा तरंगत असतो. टाकी रिकामी होऊ लागली की गोळा खाली जातो आणि दांडीने जोडलेली झडप उघडून नळवाहिनीचे पाणी आत घेतो. नेमकी हीच युक्ती पेशींनी कोट्यवधी वर्षांपूर्वी साधली आहे. टाकीच्या भिंतीत ‘स्टिम-१’ नावाचे प्रथिन बसलेले असते. त्याचे एक टोक आत, कॅल्शियमला धरून असते. टाकीतले कॅल्शियम उतरले की ते टोक मोकळे होते, प्रथिनाचा आकार बदलतो, आणि ते बाहेरच्या पेशीपटलाजवळ सरकून ‘ओराय-१’ नावाची झडप उघडते. मग रक्तद्रवातील कॅल्शियम आत येऊ लागते. स्टिमचे हे काम २००५ मध्ये आणि ओरायचे २००६ मध्ये उलगडले. ओराय हे नाव ग्रीक पुराणातील स्वर्गद्वाराच्या राखणदारणींवरून ठेवले आहे. रुक्ष आद्याक्षरांच्या या गर्दीत कोणाला तरी असे नाव सुचले, याचे बरे वाटते.

कॅल्शियम वाढल्यावर एकाच वेळी अनेक कामे सुरू होतात. आकुंचनाची प्रथिने कामाला लागून तबकडीचा आकार बदलतो. आतल्या कण्यांतील एडीपी आणि सेरोटोनिन बाहेर फेकले जाते. पटलाच्या आतल्या बाजूचा विशिष्ट मेद बाहेर येतो आणि त्याच्यावर थ्रॉम्बिन आणखी तयार होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पृष्ठभागावरील एक प्रथिन, जे एरवी मिटलेले असते, ते मूठ उघडावी तसे उघडते आणि रक्तातील फायब्रिनोजेनला धरते. फायब्रिनोजेनची दोन्ही टोके सारखी. एक टोक एका रक्तपट्टिकेच्या हातात आणि दुसरे शेजारणीच्या. असे हात गुंफून बूच तयार होते.

ही मूठ जन्मतःच नसली तर? काही मुलांना असा आनुवंशिक आजार असतो. स्वित्झर्लंडच्या ग्लान्झमान या डॉक्टरने १९१८ साली त्याचे वर्णन केले. रक्तपट्टिका मोजल्या तर संख्या पुरेशी असते, पण नाकातून, हिरड्यांतून रक्त थांबत नाही. निरोप पोचतो, कॅल्शियमही वाढते, फक्त धरायला हात नसतो. नात्यात लग्ने होतात त्या समाजांत हा आजार अधिक दिसतो. मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची रक्तविज्ञानाची संस्था आहे; अशा रुग्णांचे निदान आणि त्यांच्या जनुकांचा अभ्यास तेथे होत आला आहे.

शेजारणीला हाक, आणि ॲस्पिरिन

जागी झालेली रक्तपट्टिका एकटी काही करू शकत नाही. ती इतरांना हाक मारते. सांडलेले एडीपी ही एक हाक. दुसरी हाक अशी: वाढलेल्या कॅल्शियममुळे एक विकर पटलातून ॲराकिडोनिक आम्ल सुटे करते, दुसरे विकर त्याच्यावर काम करते आणि शेवटी थ्रॉम्बॉक्सेन हा रेणू बनतो. तो बाहेर पडून शेजारच्या रक्तपट्टिकेच्या ग्राहीला लागतो. तिच्यातही आयपी-३, तिच्यातही कॅल्शियम. थ्रॉम्बॉक्सेनचे आयुष्य अर्ध्या मिनिटाच्या आसपास असते. त्यामुळे हाक जखमेच्या परिसरातच ऐकू जाते, सगळ्या शरीरभर नाही.

१९७१ साली लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी दाखवले की, ॲस्पिरिन नेमके या साखळीतल्या विकरावर घाव घालते. ॲस्पिरिनचा एक भाग त्या विकराला कायमचा चिकटतो. इतर पेशी नवे विकर घडवतात. रक्तपट्टिकेला केंद्रकच नाही. ती नवे घडवणार कसे? उरलेले सगळे आयुष्य ती हाकेविना काढते. म्हणूनच हृदयविकाराच्या रुग्णांना रोज ७५ मिलिग्रॅमची इवलीशी गोळी पुरते, आणि म्हणूनच ती बंद केल्यावरही परिणाम ओसरायला आठवडा-दहा दिवस लागतात. डोकेदुखीची गोळी म्हणून शंभर वर्षे घरात असलेल्या या पदार्थाचे हे खरे काम उशिराच कळले.

शांत राहा असे सांगणारे

आतापर्यंत आपण जागे करणाऱ्यांविषयीच बोललो. पण सव्वा लाख कोटी रक्तपट्टिका बहुतेक वेळ शांत असतात, त्या केवळ जागे करणारा न भेटल्यामुळे नव्हे. त्यांना शांत ठेवण्याचा उद्योग अखंड चालू असतो. रक्तवाहिनीचे निरोगी अस्तर दोन पदार्थ सोडत असते. एक प्रोस्टासायक्लिन, व्हेन, साल्वादोर मोंकाडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हा १९७६ साली रोहिण्यांच्या भिंतीत सापडला. दुसरा नायट्रिक ऑक्साइड हा वायू. हे शरीर स्वतः तयार करते, हे १९८० च्या दशकात कळले तेव्हा शास्त्रज्ञही चकित झाले होते, कारण तोवर तो धुराड्यांतला विषारी वायू म्हणूनच माहीत होता.

प्रोस्टासायक्लिन रक्तपट्टिकेत चक्रीय एएमपी वाढवते, आणि नायट्रिक ऑक्साइड चक्रीय जीएमपी. चक्रीय एएमपी हा पेशीतील पहिला सापडलेला निरोप्या. अर्ल सदरलंड यांना तो १९५० च्या दशकात यकृतात सापडला आणि १९७१ चे नोबेल मिळाले. हे दोन्ही रेणू काय करतात? त्यांची विकरे आयपी-३ ची तोटी घट्ट करतात, मेद कापण्याचे काम रोखतात, आणि बहुतेक पुराव्यांनुसार टाकी भरणाऱ्या मोटारीलाही जोर देतात. म्हणजे एक निरोप्या तोटी उघडायला धावतो आणि दुसरे दोघे तिच्यावर हात ठेवून उभे असतात. कॅल्शियम चढणार की उतरणार, हे या ओढाताणीवर ठरते. अस्तर फाटले की तेवढ्या जागी शांत ठेवणारे कमी होतात आणि जागे करणारे वाढतात. जखमेपासून थोड्या अंतरावर पुन्हा शांतता. बूच जखमेपुरतेच वाढते ते यामुळे.

एडीपीची हुशारी तर याहून पुढची आहे. रक्तपट्टिकेवर तिचे दोन वेगळे ग्राही आहेत. एक कॅल्शियम वाढवतो, दुसरा चक्रीय एएमपी कमी करतो. एका हाताने तोटी उघडायची आणि दुसऱ्याने तिच्यावरचा हात बाजूला सारायचा! हृदयाच्या रोहिणीत जाळीची नळी बसवलेल्या रुग्णांना दिले जाणारे क्लोपिडोग्रेल हे औषध या दुसऱ्या ग्राहीलाच निकामी करते. गंमत अशी की, औषध आधीपासून वापरात होते. ग्राही नेमका कोणता, हे २००१ साली कळले.

डेंग्यू आणि गोळी

पाणी चार-सहा दिवसांनी येणाऱ्या घरांत पिंप, हौद, हंडे भरून ठेवावे लागतात. डेंग्यूचा एडिस डास नेमका अशा स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून, घासून ‘कोरडा दिवस’ पाळा, असे आरोग्य खाते सांगते, त्याचे कारण हे. पाणीच जपून वापरायचे असेल तेव्हा हे पाळणे किती अवघड, ते या शहरातल्या कोणत्याही गृहिणीला विचारा. निदान झाकण तरी घट्ट बसवावे.

डेंग्यूत रक्तपट्टिकांची संख्या उतरते. काही रुग्णांत ती वीस हजारांच्याही खाली जाते. सगळ्यांचे लक्ष त्या आकड्याकडे असते. पण तापात अंग दुखते म्हणून कोणी दुकानातून ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन आणून दिले, तर काय होईल? उरलेल्या थोड्या रक्तपट्टिकांची थ्रॉम्बॉक्सेनची हाकही बंद होईल. आयब्युप्रोफेनचा परिणाम काही तासांचा असतो, ॲस्पिरिनचा त्या रक्तपट्टिकेच्या मरणापर्यंतचा. संख्या मोजणाऱ्या यंत्राला यातले काहीच दिसत नाही. ते मुक्यांनाही मोजते. डेंग्यूची शंका असेल तर ताप उतरवण्यासाठी डॉक्टर पॅरासिटामॉल देतात आणि ही दोन औषधे टाळायला सांगतात, ते यासाठी. उलट घरातले आजोबा हृदयविकारासाठी रोज ॲस्पिरिन घेत असतील आणि त्यांनाच ताप आला, तर गोळी आपल्या मनाने चालू ठेवणे किंवा बंद करणे दोन्ही धोक्याचे. तो निर्णय डॉक्टरांनीच करायचा असतो.

फार कमी रक्तपट्टिका असलेल्या आणि रक्तस्राव होणाऱ्या रुग्णासाठी कधी कधी एकाच दात्याकडून यंत्राने रक्तपट्टिका घेतात. दात्याच्या एका हातातून रक्त यंत्रात जाते, यंत्र ते घुसळून रक्तपट्टिका वेगळ्या काढते आणि बाकीचे रक्त परत देते. हे काम तासभर किंवा त्याहून थोडे अधिक चालते. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट मिसळतात. लिंबात असते त्या सायट्रिक आम्लाचाच हा क्षार, आणि त्याचे काम एकच: कॅल्शियम पकडून ठेवणे. परत जाणाऱ्या रक्ताबरोबर थोडे सायट्रेट दात्याच्या शरीरात जाते आणि तेथील मोकळे कॅल्शियम किंचित उतरते. तेवढ्यानेही मज्जातंतू उतावीळ होतात. दाता सांगतो, “ओठांना मुंग्या येताहेत.” मग परिचारिका यंत्राचा वेग कमी करते आणि त्याला चघळायला कॅल्शियमची एक गोळी देते.